तेत्सुको कुरोयानागी : ध्वनिअभिनय आणि सूत्रसंचालन यांची पार्श्वभूमी

मराठी वाचक तेत्सुको कुरोयानागी यांना ओळखतात ते 'तोत्तोचान' या स्वतःच्या बालपणावरील पुस्तकाच्या लेखिका म्हणून. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा, तिचे मुख्याध्यापक आणि युद्धातल्या हवाई हल्ल्यात जळालेली ती वास्तू यांविषयी येथे पुन्हा लिहिण्याची गरज नाही. मात्र १९८१ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखिकेचा आवाज जपानमधील घराघरांत पाव शतकाहून अधिक काळ ऐकला जात होता, ही बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

जपानमध्ये दूरचित्रवाणीचे प्रसारण फेब्रुवारी १९५३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी देशाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या कलापथकात प्रवेश मिळालेल्या नवोदितांमध्ये, संगीत महाविद्यालयात ऑपेराचे शिक्षण घेतलेल्या कुरोयानागी होत्या. सुरुवातीला त्यांचा आवाज हा दोषच मानला गेला. गर्दीच्या प्रसंगातही तो इतरांतून वेगळा उठून ऐकू येई आणि त्यांना कामावरून वगळले जाई. १९५४ साली सुरू झालेल्या 'यान्बो, निन्बो, तोन्बो' या नभोनाट्यमालिकेने चित्र बदलले. चीनहून मायदेशी, म्हणजे भारताकडे, निघालेल्या तीन पांढऱ्या माकडांची ती कथा होती. तोवर मुलांच्या भूमिका मुलांकडूनच करून घेण्याची पद्धत होती. या मालिकेत त्या प्रौढ अभिनेत्रींना देण्यात आल्या. आपल्या बोलण्यातले दोष काढून टाकीन, असे कुरोयानागी यांनी नाटककाराला सांगितले, तेव्हा त्या नाटककाराने त्यांना काहीही न बदलता आहे तसेच बोलायला सांगितले. त्या काळच्या नभोवाणीत हा निर्णय धाडसाचा होता आणि त्याचे श्रेय त्या नाटककाराला पुरेसे मिळालेले नाही.

लहानांच्या भूमिका प्रौढ अभिनेत्रींनी करण्याची ही पद्धत पुढे रुजली. १९६० पासून प्रसारित झालेल्या तीन डुकरांच्या बाहुलीनाट्यात धाकट्याचा आवाज कुरोयानागी यांचा होता आणि थोरल्याचा आवाज ज्या अभिनेत्रीचा होता, तिच्याच आवाजात १९७९ पासून २००५ पर्यंत जपानी डोरेमॉन बोलत राहिला. 'थंडरबर्ड्स' ही ब्रिटिश बाहुलीमालिका १९६६ साली जपानीत आली, तेव्हा त्यातील उमराव घराण्यातल्या लेडी पेनेलोपीला कुरोयानागी यांनीच आवाज दिला. ॲनिमेशनपटांत त्यांनी केलेले काम तुलनेने थोडे आहे. परंतु त्या कलेतील आवाजाची रीत ज्या पिढीने घडवली, त्या पिढीत त्यांचे स्थान अगदी आरंभीचे आहे.

सूत्रसंचालनही समांतर चालू होते. वर्षअखेरच्या प्रसिद्ध गीतस्पर्धेत महिला संघाचे निवेदन त्यांनी १९५८ साली प्रथम केले. १९७१ मध्ये, मागणी भरपूर असताना, त्या अभिनयाच्या शिक्षणासाठी वर्षभर न्यूयॉर्कला गेल्या.

फेब्रुवारी १९७६ मध्ये एका खासगी वाहिनीवर त्यांच्याच नावाचा मुलाखतीचा कार्यक्रम, 'तेत्सुकोची खोली', सुरू झाला आणि त्यासाठी त्यांनी घातलेली एक अट आजही वादाचा विषय आहे. ध्वनिचित्रमुद्रण थेट प्रक्षेपणासारखेच सलग करायचे आणि नंतर त्याला कात्री लावायची नाही, ही ती अट. पाहुण्याचे बोलणे तोडूनजोडून दाखवले तर त्याचे व्यक्तिमत्त्वच बदलून जाते आणि प्रश्नापुढे तो गप्प बसला तर ते गप्प राहणेही प्रेक्षकाला दिसले पाहिजे, असा त्यामागचा विचार. याची किंमत अर्थातच मोजावी लागते. रेंगाळलेला भाग तसाच राहतो, आणि एखाद्या विनोदी कलाकाराला त्यांनी समोरच विनोद करून दाखवायला सांगितला व तो फसला, तर ती फजितीही प्रक्षेपित होते. विनोदी कलाकार या खुर्चीला बिचकतात, असे जपानमध्ये नेहमी बोलले जाते. संकलन हा पाहुण्याला सांभाळून घेण्याचाही मार्ग असतो, हा आक्षेप खोटा नाही. तरीही, आपण काय बोललो त्यातले काय दाखवले जाईल, हे पाहुण्याला आधीच ठाऊक असणे, ही या अटीने दिलेली हमी अधिक मोलाची आहे. पाहुण्याविषयी आधी माहिती गोळा करून स्वतःच्या हाताने टिपणे लिहिण्याची त्यांची शिस्त याच अटीतून आली असावी, कारण चूक झाली तर ती नंतर झाकता येत नाही.

१९७८ ते १९८९ या काळात लोकप्रिय गीतांच्या क्रमवारीचा साप्ताहिक कार्यक्रमही त्यांनी सहनिवेदकांसह चालवला. १९८४ साली त्या युनिसेफच्या सदिच्छादूत झाल्या. एकाच सूत्रसंचालकाने सादर केलेल्या सर्वाधिक भागांसाठी 'तेत्सुकोची खोली'ची गिनीज नोंद २०११ मध्ये झाली आणि २०१५ मध्ये १०,००० भाग पूर्ण झाले.

डिसेंबर २०२३ मध्ये 'तोत्तोचान'वरील ॲनिमेशनपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याचे निवेदन नव्वदीच्या कुरोयानागी यांनी केले. लहानग्या तोत्तोचानचा आवाज मात्र प्रौढ अभिनेत्रीकडे न सोपवता एका लहान मुलीलाच देण्यात आला.