चर पाणी मुरवतो, ओल राखतं ते आच्छादन

कोरडवाहू काजूच्या बागेत चर खणले की उन्हाळ्याची काळजी मिटली, असं धरून चालू नका. चराचं काम पावसाळ्यातलं. गडचिरोलीच्या मुरमाड उतारावर जोराची सर आली की पाणी माती घेऊनच धावतं. उताराला आडवा, समपातळीतला चर त्याला अडवतो, जिरायला वेळ देतो. तो मे महिन्यातच खणून व्हायला हवा: दोन फूट रुंद, फूटभर खोल, निघालेली माती खालच्या अंगाला रचून. पातळी नजरेनं ठरवू नका, पाण्याची नळी लावून बघा. ढाळ राहिला तर चराची नाली होते आणि आपल्याच शेतातलं पाणी बाहेर निघून जातं. काळ्या भारी जमिनीत तर काजू लावूच नये. पाणी साचलं की मुळं गुदमरतात.

पण मुरलेलं पाणी झाडापाशी थांबतंच असं नाही. मुरमातून ते भराभर खाली उतरतं आणि काजूची पाणी शोषणारी बरीच मुळं असतात वरच्या थरात. मोहर, बी धरणं, तोडणी हे सगळं पाऊस गेल्यावरचं. ते महिने झाड साठलेल्या ओलीवर काढतं. ती ओल ऊन-वारा उडवतो, उरलेली गवत पितं. तिथे चर काय करणार?

म्हणून परतीचा पाऊस सरता सरता, जमीन ओली असतानाच, आळ्यातलं गवत काढा, माती हलकी खुरपून भुसभुशीत करा आणि पालापाचोळा किंवा गुरांना पुरून उरलेली धानाची तणस चार-पाच बोटं जाड पसरा. हेच आच्छादन. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर उधई लागते. एप्रिलमध्ये कोरड्या मातीवर पाला टाकून उपयोग नाही. अवकाळीची हलकी सर तोच पिऊन टाकतो.

फेब्रुवारीत पाला बाजूला सारून बोटभर माती उकरा. हाताला गार लागते. शेजारच्या उघड्या जागेतली भुकटी होऊन बोटांतून गळते.

एक धोका मात्र मनावर घ्या. मार्चमध्ये मोहफुलं वेचायला झाडांखालचा पाला जाळतात. ती आग बागेत शिरली तर आच्छादनच रोपं भाजून काढेल, तेव्हा बागेभोवती पट्टा झाडून साफ ठेवा. मजूर एकाच कामापुरते मिळत असतील आणि रोपं दोन-तीन वर्षांची असतील, तर मी आधी आच्छादन करीन. उतार मोठा असेल आणि माती वाहून जात असेल, तर आधी चर.