सुपर्बा सरडा

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर हा सरडा राहतो. ‘सारदा सुपर्बा’ हे त्याचं शास्त्रीय नाव २०१६ साली ठेवलं गेलं. त्यातला ‘सारदा’ म्हणजे आपल्या मराठीतला सरडाच!

पठारावर जांभा दगड, मातीचा पातळ थर आणि खुरटं गवत. झाड क्वचितच. अशी जागा पडीक समजून माणसं तिथे झाडं लावायला जातात. या सरड्याला मात्र उघडा माळच हवा. सकाळी अंग शेकायला ऊन, चढून बसायला दगड, लपायला दगडाखालची फट आणि खायला मुंग्या, नाकतोडे, भुंगेरे. सावली वाढली की त्याची जागा गेली.

सरडा लहानसाच, धड माणसाच्या बोटाएवढं आणि शेपटी त्याहून लांब. पाठ मातकट, त्यामुळे निश्चल बसला की दिसत नाही. मागच्या पायांची बोटं मोजा: पाच नव्हे, चारच!

मार्च ते मे हा विणीचा हंगाम. नर उंच दगड गाठतो, पुढचे पाय ताठ करून अंग उचलतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. जिभेच्या मुळाशी असलेलं काडीसारखं हाड पुढे ढकललं की घडी उलगडते, आणि लखलखता निळा, काळा, केशरी रंग क्षणभर दिसतो. हाड मागे गेलं की पंखा मिटतो. हे मादीला बोलावणं असतं, तसंच दुसऱ्या नराला ‘इथून हो’ असं बजावणंही. मादीला असा रंगीत पंखा नसतो. ती मऊ माती उकरून अंडी घालते आणि खड्डा बुजवते. हंगाम सरला की नराचे रंग फिके पडतात.

याच पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी फिरकतात, म्हणून तिथे सरडे जास्त झाले. पण सरडे जास्त, तर प्रत्येकाच्या वाट्याला किडे कमी! २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथले सरडे बारीक आढळले, नरांचे रंगही फिके होते. शत्रूची धास्ती कमी असल्याने माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नव्हते.

सरडा पाहायचा तर ऊन चढू लागल्यावर जा आणि दहा-पंधरा पावलांवर खाली बसून राहा. उभं राहून सावली पाडलीत तर तो फटीत शिरेल. दगड उलटवू नका. तेच त्याचं घर असतं. कुत्रा सोबत नेऊ नका.