नॉन-कॉन्फरन्स शेड्युलिंग (अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल)

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या मोठ्या टीम्सच्या साधारण १८ ते २० मॅचेस त्यांची कॉन्फरन्सच (कॉलेजांचा ठरलेला गट, लीगसारखा) ठरवते, तिथे कोचचं काही चालत नाही. उरलेल्या ११-१३ मॅचेस, बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या, कॉलेजने स्वतः जमवायच्या. कोणाशी, कुठे, किती पैशांत, सगळं फोनाफोनीवर. यालाच नॉन-कॉन्फरन्स शेड्युलिंग म्हणतात आणि खरी ओढाताण इथेच असते, कारण कोचला विजय हवे असतात आणि सीझन तिकीट काढून बसलेल्याला तगडी मॅच.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बाय गेम, म्हणजे विकत घेतलेली मॅच. मोठं कॉलेज छोट्याला चेक देतं, ते येऊन खेळतात, बहुतेक वेळा सपाटून हरतात आणि घरी जातात, परतीची मॅच नाही. छोट्याच्या बजेटला हातभार, मोठ्याला विजय वर तिकिटांचा गल्ला. फॅनच्या वाट्याला लिंबूटिंबू टीम.

पण कधीकधी पैसे देऊन हार विकत घेतली जाते. १२ नोव्हेंबर २०१९ ला देशात नंबर १ असलेल्या केंटकीने छोट्या इव्हान्सव्हिलला ९०,००० डॉलर देऊन आपल्या घरच्या रप अरेनात बोलावलं, इव्हान्सव्हिल ६७-६४ ने जिंकलं आणि चेकही घेऊन गेलं! इव्हान्सव्हिलचा कोच कोण, तर वॉल्टर मॅकार्टी, केंटकीच्याच १९९६ च्या चॅम्पियन टीममधला. दोन आठवड्यांनी ड्यूकचंही तेच झालं, तेही नंबर १ असताना: स्टीफन एफ. ऑस्टिनने ओव्हरटाइममध्ये ८५-८३ ने हरवलं आणि ड्यूकची घरच्या मैदानावर कॉन्फरन्सबाहेरच्या टीम्सविरुद्ध सलग १५० विजयांची मालिका तुटली. त्या १५० मधल्या किती कोणाला आठवतात?

नुसते विजय गोळा करून भागतही नाही, कारण मार्चमधल्या ६८ टीम्सच्या स्पर्धेसाठी निवड समिती प्रतिस्पर्धी कोण होता ते बघते. त्यासाठी टीम्सची क्रमवारी लावायला आधी आरपीआय होतं, २०१८-१९ पासून नेट रँकिंग आलं. घरी पहिल्या ३० मधल्या टीमला हरवलं तर ते क्वाड १, म्हणजे सगळ्यात वजनदार गटातला विजय; न्यूट्रल मैदानावर (दोघांच्याही घरचं नसलेल्या) पहिल्या ५०, बाहेर जाऊन पहिल्या ७५. म्हणजे बाहेर जायला बक्षीस आहे, तरी मोठे लोक चांगल्या मिड-मेजरच्या (छोट्या कॉन्फरन्समधल्या टीमच्या) गावी जात नाहीत, हरलं तर नाचक्की आणि जिंकलं तर कौतुक नाही. असंच मिड-मेजर असलेलं इंडियाना स्टेट २०२४ मध्ये २८ मॅचेस जिंकूनही स्पर्धेबाहेर राहिलं.

मधला मार्ग म्हणजे न्यूट्रल मैदान. २०११ पासूनच्या चॅम्पियन्स क्लासिकमध्ये ड्यूक, कॅन्सस, केंटकी आणि मिशिगन स्टेट एकाच रात्री खेळतात, टीव्हीला मेजवानीच, पण कॅम्पसवरच्या पोरांना काय, टीव्हीच बघायचा.

याच भांडणात इंडियाना-केंटकीची दरवर्षीची मॅच गेली. डिसेंबर २०११ मध्ये ब्लूमिंग्टनला, इंडियानाच्या कॅम्पसवर, त्यांच्या ख्रिश्चन वॉटफर्डने शेवटच्या क्षणी थ्री (तीन पॉइंटचा बास्केट) मारला, इंडियाना ७३-७२, अख्खं पब्लिक कोर्टवर. पुढच्या सीझनला मॅचच नाही! केंटकीला न्यूट्रल मैदान हवं होतं, इंडियानाला कॅम्पस, कोणीच मागे हटेना. अधेमधे मार्चच्या स्पर्धेत गाठ पडली तेवढीच, रेग्युलर सीझनमधली मॅच परत यायला २०२५ चा डिसेंबर उजाडला.