विमान उतरताना उठणारी डोकेदुखी : आमच्या प्रवाशांसाठी माहिती

गेल्या हिवाळ्यात दिल्लीहून पुण्याला परतणाऱ्या आमच्या गटात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ होते. विमान खाली येऊ लागताच त्यांनी उजव्या भुवईच्या आतल्या टोकावर अंगठा रोवला आणि कपाळ पुढच्या सीटला टेकवले. सुरी खुपसल्यासारखे वाटते आहे, एवढेच ते बोलू शकले. सामानाच्या पट्ट्यावरून बॅग उचलेपर्यंत दुखणे निम्म्यावर आले होते आणि रिक्षात बसताना त्याचा मागमूसही नव्हता. पुढचे दोन महिने मात्र त्यांनी मेंदूत काहीतरी बिघडले असावे या धास्तीत काढले. तपासण्यांमध्ये काहीही निघाले नाही. हे माहितीपत्रक काढण्याचे ठरले ते त्यांच्यामुळेच.

या दुखण्याची वैद्यकीय नियतकालिकातील पहिली नोंद 2004 सालची आहे, आणि डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला 2013 पासून स्वतंत्र स्थान आहे. बहुधा एकाच बाजूला, कपाळात किंवा डोळ्याभोवती, अत्यंत तीव्र कळ येते. ती बहुतेकांना विमान उतरतानाच येते आणि जमिनीवर आल्यावर साधारण अर्ध्या तासात आपोआप ओसरते.

प्रवासी विमान 35,000 ते 40,000 फुटांवरून उडते, परंतु आतील हवेचा दाब फार तर 8,000 फूट उंचीवर असतो तेवढ्यापर्यंतच उतरू दिला जातो. कळसूबाईचे शिखर 5,400 फुटांचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे बसल्या जागी आपण किती वर जाऊन किती थोड्या वेळात खाली येतो याची कल्पना येईल. कपाळाच्या आणि गालांच्या हाडांत सायनस नावाच्या पोकळ्या असतात. विमान चढताना त्यांतील हवा प्रसरण पावून नाकावाटे सहज बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढल्यामुळे हवा पुन्हा आत शिरावी लागते, आणि सर्दीने किंवा ॲलर्जीने नाकातील अस्तर सुजलेले असेल तर अरुंद वाट मिटते, आत दाब कमी राहतो, अस्तर ताणले जाते आणि कळ उठते. सायनसचा कोणताही विकार नसलेल्यांनाही हा त्रास झालेला आढळतो, म्हणून नाक मोकळे आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

उपाय उतरण्यापूर्वी करावा लागतो, हे आम्ही आवर्जून सांगतो. नाक मोकळे करणारा स्प्रे डॉक्टर बहुधा विमान उतरू लागण्याच्या अर्धा तास आधी मारायला सांगतात, तर नेप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी प्रवास छोटा असल्यास निघण्यापूर्वीच घ्यायला सांगतात. आम्लपित्त, अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर त्या मुळीच घेऊ नयेत. रक्तदाब असणाऱ्यांनी स्प्रेबद्दलही आधी विचारावे, आणि तो सलग काही दिवसांहून अधिक वापरू नये, कारण त्यानेच नाक अधिक चोंदते. उतरताना झोपून राहू नये. जागे राहून वारंवार आवंढा गिळावा, जांभया द्याव्यात, आवळासुपारी चघळावी. तान्ह्या बाळाला त्या वेळी अंगावर पाजावे. औषधे हातातील बॅगेत, चिठ्ठीसह ठेवावीत. दुबईला जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण कोडीन आणि ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामकांवर तेथे कडक निर्बंध आहेत.

मुंबईचे पहाटेचे विमान गाठण्यासाठी पुण्याहून मध्यरात्री निघणाऱ्यांचे डोके मात्र वेगळ्याच कारणांनी धरते. झोप झालेली नसते, पोट रिकामे असते, नेहमीचा चहा चुकलेला असतो आणि विमानातील कोरड्या हवेत पाणी पिण्याचेही राहून जाते. अर्धशिशी असलेल्यांना एवढे पुरेसे होते. घरून निघताना पोळीभाजीचा डबा आणि चहाचा थर्मास सोबत घेतला तर यातील बराच त्रास टळतो, असा आमचा अनुभव आहे.

लेहची गोष्ट आणखी निराळी आहे. तेथील विमानतळ सुमारे 10,700 फुटांवर असल्याने उतरल्यानंतर काही तासांनी सुरू होणारी डोकेदुखी विरळ हवेमुळे असते, आणि ती अर्ध्या तासात जात नाही. म्हणून आमच्या सहलीत पहिले दोन दिवस विश्रांतीचे असतात. कोणी कितीही आग्रह केला तरी त्या दिवसांत आम्ही आणखी उंचावरच्या खारदुंग ला खिंडीत किंवा पँगाँग सरोवराकडे नेत नाही. डोकेदुखीसोबत उलट्या होत असतील, तोल जात असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर सहलप्रमुखाला तत्काळ, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, उठवावे.

विमान उतरतानाची कळ पहिल्यांदाच आली असेल, तर ती थांबली तरी डॉक्टरांना एकदा दाखवावेच. एका क्षणात असह्य झालेले डोके, जड झालेली जीभ, हातापायातील बळ जाणे, ताप व ताठलेली मान, किंवा जमिनीवर आल्यावरही तसेच राहिलेले दुखणे यांपैकी काहीही असल्यास थेट रुग्णालय गाठावे.

पूर्वी असा त्रास झाला असल्यास बुकिंग करतानाच सांगावे. निघण्याच्या आठवड्यात सर्दी झाली तर तेही फोन करून कळवावे, म्हणजे तारीख बदलता येते का हे आम्ही पाहू. जमले नाही, तर निदान विमान उतरू लागण्यापूर्वी आपल्याला वेळेवर जागे करण्याची सूचना सहलप्रमुखाला देऊन ठेवू.