पन्हळ आणि छपराचा पाणीनिचरा

पन्हळ म्हणजे छपरावर पडलेले पावसाचे पाणी पाख्याच्या खालच्या कडेला झेलून ठरावीक जागी नेणारी उघडी नाली. पन्हळ, तिचे निचऱ्याचे तोंड, तिथून खाली उतरणारा नळ (बांधकामाच्या बोलीत डाऊनटेक पाइप) आणि पायथ्याशी ते पाणी घेणारे गटार किंवा शोषखड्डा, एवढे मिळून छपराची निचरा-व्यवस्था होते. सपाट गच्चीला बहुधा पन्हळ नसते. तिथे कोब्याचा उतार आणि कठड्यालगतची तोंडे हेच काम करतात. इमारतीच्या आयुष्याचा विचार केला तर या व्यवस्थेला तुळया-खांबांच्या खालोखाल मान द्यायला हवा. भिंत, पाया, लाकूड आणि सळई या सगळ्यांना आतून खाणारे पाणीच असते.

पन्हळ नसलेल्या छपराचे पाणी पागोळ्यांनी एका रेषेत जमिनीवर पडते. थोड्याच दिवसांत त्या रेषेत चर पडतो, उडणारा चिखल जोत्यावर चढतो आणि चरातले पाणी पायालगतच्या मातीत मुरत राहते. जमीन चिकणमातीची असेल तर ती भिजल्यावर फुगते आणि सुकल्यावर आकसते. पायाखाली सगळीकडे ती सारखी भिजत नाही, त्यामुळे भिंतीला तिरक्या भेगा जातात. तरीही प्रत्येक घराला पन्हळ हवीच असे नाही. बैठ्या घराची वळचण रुंद असेल, जोते उंच असेल आणि पागोळ्यांखाली खडीचा पट्टा असेल तर पाणी भिंतीपासून लांबच राहते. गळक्या पन्हळीपेक्षा अशी वळचण केव्हाही बरी, कारण पागोळ्या पाणी विखरून टाकतात, तर फुटलेली पन्हळ अख्ख्या पाख्याचे पाणी एकाच जागी भिंतीवर ओतते.

अशी जागा ओळखणे अवघड नसते. सांध्याखाली भिंतीवर आधी वीतभर रुंदीचा काळपट-हिरवा पट्टा उमटतो. मग रंगाला फुगे येतात, पांढरे क्षार फुलतात आणि गिलाव्यावर बोटाने टकटक केले की पोकळ आवाज येतो. ओल सळईपर्यंत पोचली की खरे नुकसान सुरू होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही जास्त होऊ शकते, म्हणून तो आतून दाब देऊन काँक्रीटचे पापुद्रे फोडून काढतो.

इतिहास : मोहेंजोदडोच्या घरांमध्ये वरच्या मजल्यावरचे पाणी खाली आणणारी भाजलेल्या मातीची नळकांडी सापडली आहेत. ग्रीक मंदिरांच्या छपरांच्या कडेला दगडी किंवा मातीची पन्हळ असे आणि तिच्यातले पाणी सिंहमुखांतून बाहेर फेकले जाई. सिसिलीतील हिमेरा येथील इ.स.पू. ५ व्या शतकातल्या मंदिराची अशी सिंहमुखे आज पालेर्मोच्या संग्रहालयात आहेत. रोमन घरांची छपरे आतल्या चौकाकडे उतरत आणि पाणी चौकातल्या उथळ हौदात साठे. मध्ययुगीन युरोपातल्या चर्चवरची अक्राळविक्राळ दगडी तोंडे ही मुळात पन्हळीचीच टोके होती. भिंतीपासून जितके पुढे काढता येईल तितके पाणी पुढे टाकायचे, एवढे त्यांचे काम. पण उंचावरून पडणारी धार वाऱ्याने पुन्हा भिंतीवरच येते. यावर उभा नळ हा उपाय निघाला. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने १२४० मध्ये लंडनच्या टॉवरच्या मुख्य बुरुजाला जमिनीपर्यंत शिशाचे नळ बसवण्याचा हुकूम दिला. बुरुजाला नुकतीच सफेदी केली होती आणि ठिबकणाऱ्या पाण्याने ती खराब होऊ नये, हे कारण हुकुमातच दिले आहे. जपानमध्ये नळाऐवजी पन्हळीच्या तोंडातून साखळी सोडण्याची पद्धत आहे. पाणी तिच्या कड्यांना धरून खाली उतरते.

किती पाणी येते : हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १२० चौरस मीटरच्या छपरावर ताशी ७५ मिलिमीटर वेगाने पाऊस पडला तर तासाला ९,००० लिटर, म्हणजे सेकंदाला अडीच लिटर पाणी खाली न्यावे लागते. इथे वर्षाचा किंवा दिवसाचा एकूण पाऊस धरून चालत नाही. पन्हळ ओसंडते ती चार-पाच मिनिटांच्या जोरदार सरीत, म्हणून त्या सरीचा वेग धरावा लागतो. क्षेत्रफळही उतरत्या पाख्याचे न धरता त्याच्या जमिनीवरच्या आडव्या व्याप्तीचे धरतात. मात्र वाऱ्याने तिरका येणारा पाऊस उभट पाख्यावर जास्त पडतो आणि छपरालगत उंच भिंत असेल तर तिच्यावरचे पाणीही खाली येते. ही भर विसरली की सगळा हिशेब कमी पडतो.

निचऱ्याचे तोंड : ‘पन्हळ लहान पडते’ या तक्रारीत बहुतेक वेळा दोष पन्हळीचा नसतो, तिच्या तोंडाचा किंवा त्याच्या जागेचा असतो. तोंड पन्हळीच्या एका टोकाला ठेवले तर शेवटच्या हातभर भागातून सगळ्या पाख्याचे पाणी जावे लागते. तेच तोंड मध्यावर आणले की दोन्हीकडून निम्मे-निम्मे पाणी येते आणि त्याच मापाच्या पन्हळीला दुप्पट छप्पर झेपते. तोंडाजवळ पन्हळीला काटकोनी वळण दिले तर तिची क्षमता घटते. खालचा उभा नळ सहसा अडचण करत नाही. साध्या व्यवस्थेत पाणी त्याच्या आतल्या बाजूला चिकटून उतरते आणि मधली जागा हवेने भरलेली असते; साधारण तृतीयांश नळ भरेल एवढेच पाणी धरून त्याचे माप ठरवतात.

तोंडावरून पाणी काठ ओलांडून आत पडते तोपर्यंत पाण्याची उंची दुप्पट झाल्यावर प्रवाह जवळजवळ पावणेतीन पट होतो. एकदा तोंड पूर्ण बुडाले की उंची दुप्पट होऊनही प्रवाह दीडपटसुद्धा होत नाही. पाणी मग झपाट्याने चढते आणि काठावरून सांडते. म्हणून तोंड नरसाळ्यासारखे पसरट करणे हा पन्हळ रुंद करण्यापेक्षा स्वस्त आणि जास्त गुणकारी उपाय आहे. जाळीही घुमटाकार हवी. सपाट जाळीवर भिजलेली दोन पाने चिकटली की निचरा थांबतो. घुमटाच्या पायाशी पाने साचली तरी वरच्या फटींतून पाणी जात राहते.

पन्हळीला मीटरमागे २ ते ५ मिलिमीटर उतार पुरतो. पुढचा काठ मागच्या काठापेक्षा थोडा खाली ठेवतात. पन्हळ तुंबली तर पाणी बाहेर पडावे, घराकडे वळून छपराच्या लाकडात शिरू नये, यासाठी ही साधी काळजी आहे. ती घेतलेली फार थोड्या ठिकाणी दिसते.

सपाट गच्ची : गच्चीचा कोबा किमान १०० ला १ एवढ्या उताराचा असावा लागतो. स्लॅब कालांतराने थोडी वाकते आणि कोबाही हाताने ओढलेला असतो, म्हणून प्रत्यक्षात ८० किंवा ६० ला १ धरणे शहाणपणाचे. कठडा आणि कोबा मिळतात तिथे गोलाई (वाटा) देतात, कारण काटकोनी कोपऱ्यात जलरोधक थराला चीर जाते. तोंडाभोवतीचा भाग थोडा खोलगट ठेवतात.

कठड्याने वेढलेली गच्ची म्हणजे एक उथळ टाकीच असते. १० सेंटिमीटर पाणी साठले की दर चौरस मीटरला १०० किलो भार वाढतो. मोठ्या गाळ्यांच्या (खांबांमधले अंतर जास्त असलेल्या) लवचिक छतावर हे आणखी वाढत जाते. भाराने छत वाकते, वाकलेल्या जागी जास्त पाणी जमते आणि त्याने ते आणखी वाकते. ४ जून १९७९ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या केम्पर अरेना या क्रीडागृहाच्या छताचा मोठा भाग वादळी पावसात कोसळला. शहराच्या गटारांवर एकदम ताण येऊ नये म्हणून त्या छताची रचनाच पाणी हळूहळू सोडणारी केली होती आणि निचऱ्याची तोंडे मोजकी होती. छत टांगून धरणारे बोल्ट आधीच थकलेले होते. साठलेल्या पाण्याचा भार आणि वारा यांपुढे ते टिकले नाहीत. सभागृह रिकामे होते, त्यामुळे जीवितहानी झाली नाही.

म्हणून कठड्यात मुख्य तोंडापेक्षा थोड्या वरच्या पातळीवर दुसरे, मोकळे भोक ठेवावे. ते नळाला न जोडता लोकांच्या नजरेस पडेल असे बाहेर काढलेले बरे. तिथून धार लागली की मुख्य तोंड तुंबल्याचे कळते.

कारखाने, विमानतळ अशा विस्तीर्ण छतांसाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस फिनलंडमध्ये सायफन पद्धत विकसित झाली. तिच्या तोंडावरील चकती हवा आत येऊ देत नाही, नळ पूर्ण भरतो आणि उतरणाऱ्या पाण्याचा स्तंभ वरचे पाणी ओढून घेतो. नळ लहान चालतात आणि आडव्या नळांना उतार लागत नाही. पण हिशेब काटेकोर हवा. नंतर कोणी मनाने एक जोड वाढवला तर ओढ बिघडते.

साहित्य : जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, ॲल्युमिनियम, तांबे, बीड (ओतीव लोखंड) आणि पीव्हीसी हे नेहमीचे पर्याय. पीव्हीसी गंजत नाही, पण उन्हाने जास्त वाढते. १० मीटर लांबीची पन्हळ ४० अंशांच्या फरकाने दोन-तीन सेंटिमीटर लांब-आखूड होते, आणि सांध्यात तेवढी मोकळीक नसेल तर तिथेच गळू लागते. तांब्याच्या छपराचे पाणी जस्ती पत्र्याच्या पन्हळीत कधीही सोडू नये. पाण्याबरोबर येणारे तांब्याचे कण जस्त खाऊन टाकतात.

देखभाल : पानगळीनंतर आणि पावसाच्या हंगामाआधी पन्हळ साफ करायची असते. कौलांची माती, पाने आणि पक्ष्यांची घरटी साचून तिच्यात डबकी होतात, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांना अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला तिथले आठ-दहा दिवसांचे साठलेले पाणी पुरते. साफ केल्यावर लांबच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून पाहावे. पाणी रेंगाळले तिथला आधार खचला आहे. वर पाणी गेले आणि खाली नळातून आले नाही, तर नळाच्या तळाचा कोपरा तुंबला आहे. म्हणून तिथे उघडता येणारे झाकण बसवून घ्यावे.