समाजकार्यातल्या नोकरीचा अर्ज : केलेलं काम कागदावर आणताना

समुपदेशक, बाल संरक्षण अधिकारी, वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक अशा पदांची जाहिरात आली की नागपुरातली एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली मुलं-मुली अर्ज भरायला बसतात आणि ‘अनुभव’ या रकान्यापाशी अडतात. वस्तीत वर्षानुवर्षं राबलेल्या मुलींचे अर्ज केवळ एका कागदापायी छाननीत बाद झालेले मी पाहिले आहेत. फार जीव तुटतो.

आधी जाहिरातीतली पात्रता शब्दशः वाचा. ‘पदवीनंतरचा अनुभव’ मागितला असेल, तर शिक्षण चालू असतानाचं क्षेत्रकार्य त्यात मोडत नाही. ते वेगळं लिहा. काही नेमणुकांची अट कायद्यातच असते. बालकल्याण समितीच्या सदस्यासाठी बाल न्याय अधिनियम २०१५ च्या २०२१ मधल्या दुरुस्तीनुसार समाजकार्य, कायदा, बालमानसशास्त्र अशा विषयाची पदवी लागते, आणि तिच्यासोबत मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाचं सात वर्षांचं काम किंवा त्या विषयातला चालू व्यवसाय.

अनुभव प्रमाणपत्र हा अर्जाचा कणा. ते संस्थेच्या लेटरहेडवर हवं. त्यावर नोंदणी क्रमांक, जावक क्रमांक, तुमचं पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची पूर्ण तारीख, पूर्णवेळ की मानधनावर, सही आणि शिक्का असावा. संस्था सोडतानाच ते मागून घ्या. नंतर पदाधिकारी बदलतात, फाइल सापडत नाही. नियुक्तीपत्र आणि मानधन जमा झालेलं पासबुक जपून ठेवा, पण ते प्रमाणपत्राच्या जागी चालेल असं धरू नका.

कामाचं वर्णन करताना ‘महिला सक्षमीकरणाचे कार्य केले’ एवढ्यावर थांबू नका. कुठली वस्ती, किती गृहभेटी, किती बचत गटांची खाती उघडून दिली, कोणाला कुठल्या योजनेपर्यंत पोचवलं, ते लिहा. मात्र ज्यांच्यासोबत काम केलं त्यांची नावं, फोटो, केस फाइलची पानं कधीही जोडू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मुलांची ओळख उघड करायला मनाई केली आहे, आणि एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांच्या गोपनीयतेला २०१७ च्या कायद्याचं संरक्षण आहे. कायदा नसता तरी त्यांनी आपल्यावर टाकलेला विश्वास अर्जाला जोडायची गोष्ट नाही.

बाकी कागद नेहमीचे : गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, अधिवास, लागू असल्यास जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर, मागितलं असल्यास एमएससीआयटी. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. दोन नावांच्या गोंधळात पुष्कळ अर्ज अडकतात. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. शहरात राहणाऱ्यांची पडताळणी नागपूर पोलीस आयुक्तालयाकडून होते, काटोल, रामटेक, उमरेडकडच्यांची ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडून. याला दिवस लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.


अर्ज पाठवला की त्याची एक पूर्ण प्रत स्वतःकडे ठेवा. मुलाखतीत प्रश्न त्यातूनच येतात.