बॅकएंड जावास्क्रिप्टचा पसारा आला कुठून?

बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरच्या बाजूला, जावास्क्रिप्टचा नवा प्रोजेक्ट उघडला की कोड राहतो बाजूला आणि आधी सेटअपचीच मारामारी, दुसऱ्या फाइलमधला कोड रिक्वायरने घ्यायचा की इम्पोर्टने, पॅकेजं (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) एनपीएमने आणायची की यार्नने की पीएनपीएमने, टाइपस्क्रिप्ट (टाइप लावलेली जावास्क्रिप्ट) कंपाइल करायचं की तसंच चालवायचं. नवीन माणसाला वाटतं कुणीतरी मुद्दाम अवघड करून ठेवलंय. तसं नाहीये, यातलं बरंचसं जुन्या निर्णयांमधून आलंय, आणि त्यातले बहुतेक निर्णय त्या वेळी चांगलेच शहाणपणाचे होते.

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट ही आयडिया मुळात नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) नाहीच. ब्रेंडन आइकनी १९९५ मध्ये भाषा बनवली आणि नेटस्केपनी लगेच पुढच्या वर्षी लाइव्हवायर नावाने ती सर्व्हरवर आणली, सर्व्हरवर वेबपेज बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या एएसपीमध्ये पण जेस्क्रिप्ट ही तिचीच आवृत्ती चालायची. पण ते काही फार रुजलं नाही, इंजिनं (जावास्क्रिप्ट चालवणारे प्रोग्रॅम) स्लो होती आणि मैदान पीएचपी, जावाने मारलं. चित्र पालटलं २००८ मध्ये, क्रोमबरोबर व्ही८ हे नवं इंजिन आलं तेव्हा, कारण ते कोड थेट मशीन कोडमध्ये कंपाइल करत होतं.

पण नुसत्या स्पीडने नोड झालं नसतं, खरा प्रॉब्लेम होता वाट बघण्याचा. तेव्हाच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड किंवा प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारं एक काम, आणि डेटाबेसचं उत्तर येईपर्यंत तो बिचारा मेमरी अडवून नुसता बसून. एका सर्व्हरवर दहा हजार कनेक्शन कशी सांभाळायची हा प्रश्न डॅन केगलनी १९९९ मध्येच मांडला होता. नोड बनवणाऱ्या रायन डालला असं काहीतरी हवं होतं जिथे वाट बघत थांबणं हा प्रकारच नसेल, आणि जावास्क्रिप्ट त्यात फिट्ट बसली कारण तिच्याकडे फाइल किंवा नेटवर्क वाचायची स्वतःची जुनी पद्धतच नव्हती, शिवाय ब्राउझरमुळे लोकांना इव्हेंट आणि कॉलबॅकची (काम झालं की बोलावलं जाणारं फंक्शन) सवय. २००९ मध्ये नोड आलं, नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये त्याने ते दाखवलं.

आता कॉलबॅकमध्ये पहिलं आर्ग्युमेंट एरर आणि दुसरं डेटा असं का, हे फारसं कुणी सांगत नाही. तुम्ही ट्राय-कॅचच्या (एरर पकडायची रचना) आत फाइल वाचायला सांगता, फंक्शन लगेच परत येतं, ट्राय-कॅच संपून जातो आणि फाइल नंतर कधीतरी येते, त्या वेळी एरर थ्रो केली तर पकडणारं तिथे कुणी उरलेलंच नसतं. म्हणून एरर हातात आणून द्यायची, आणि पहिली, म्हणजे विसरायला होऊ नये (तरी लोक विसरायचेच). गंमत म्हणजे सुरुवातीच्या नोडमध्ये प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरणारं ऑब्जेक्ट) होते, २०१० मध्ये ते काढून टाकले, मग सगळ्यांनी काही वर्षं एकात एक अडकलेले कॉलबॅक लिहिले आणि ईएस२०१५ मध्ये, म्हणजे भाषेच्या २०१५ च्या आवृत्तीत, प्रॉमिस भाषेतच आले. २०१७ मध्ये नोड ७.६ ला असिंक-अवेट (वाट बघायचा कोड सरळ ओळीने लिहायची पद्धत) बाय डिफॉल्ट मिळालं तेव्हा कुठे कोड वरून खाली वाचता यायला लागला.

मॉड्यूलचंही (वेगवेगळ्या फाइलमध्ये ठेवलेले कोडचे तुकडे) तसंच. २००९ मध्ये भाषेत मॉड्यूलच नव्हते, म्हणून कॉमनजेएस नावाच्या गटाने रिक्वायर ठरवलं, फाइल डिस्कवरच असल्यामुळे ते सरळ सिंक्रोनस, म्हणजे फाइल येईपर्यंत थांबणारं. भाषेचं इम्पोर्ट आलं २०१५ ला, ते ब्राउझरचाही विचार करून केलेलं, त्यामुळे दोघांचं जुळेना. कुठली फाइल इम्पोर्टवाली हे नोडला सांगणारं एमजेएस एक्स्टेन्शन आणि पॅकेज डॉट जेसन या प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमधली टाइप मॉड्यूल ही ओळ त्यातूनच आलीये. इम्पोर्टवाली मॉड्यूल रिक्वायरने फ्लॅगशिवाय (चालवताना वेगळा पर्याय न देता) घेता यायला २०२४ चा नोड २२.१२ उजाडावा लागला.

एनपीएम आयझॅक श्लूटरनी २०१० मध्ये आणलं आणि आपलं पॅकेज सगळ्यांसाठी टाकणं इतकं सोपं केलं की लोक चार ओळींचं पण पॅकेज करायला लागले. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि बेबलसकट (नवी जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलणारं टूल) असंख्य बिल्ड आडवे झाले, शेवटी एनपीएमलाच ते परत चढवावं लागलं. त्याच वर्षी यार्न लॉकफाइल (कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती याची यादी) घेऊन आलं, २०१७ ला एनपीएम ५ ने पॅकेज-लॉक ही तसलीच फाइल बाय डिफॉल्ट केली.

२०१८ मध्ये खुद्द डालनेच आपल्याला नोडबद्दल काय काय खटकतं ते स्टेजवरून सांगितलं, त्यात प्रॉमिस काढणं आणि पॅकेजं जिथे उतरतात तो नोड मॉड्यूल्स फोल्डर दोन्ही होतं, आणि सोबत नोडला पर्याय म्हणून केलेलं डेनो दाखवलं. २०२३ ला बन १.० हा आणखी एक पर्याय आला. माझ्या मते या दोघांचा मोठा फायदा नोडलाच झाला, कारण फेच (नेटवरून डेटा मागवणं), टेस्ट रनर, वॉच मोड (फाइल बदलली की आपोआप परत चालवणं), एन्व्ह फाइल (सेटिंगची फाइल) वाचणं, ज्यासाठी आधी वेगळी पॅकेजं लागायची ते हळूहळू आतच आलं. आता तर नोड टाइपस्क्रिप्टची फाइल पण थेट चालवतं, फक्त टाइप पुसून तिथे स्पेस ठेवतं म्हणजे एररमधले लाइन नंबर हलत नाहीत. टाइप चेक मात्र करत नाही, त्याला टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कंपाइलर) लागतंच, आणि इनम (टाइपस्क्रिप्टमधली नावं दिलेल्या ठराविक किमतींची यादी) नुसतं पुसून भागत नाही, त्याचा खरा कोड बनवावा लागतो, म्हणून ते असलं की ही साधी पद्धत तिथे अडते.